शेंड्यावरच्या गप्पा

शेवटी शेवटी आईला टीव्हीवरच्या मालिका समजेनाशा झाल्या होत्या. कोण कुणाची सून, कोण कुणावर डूख धरून आहे, सगळं तिच्या हातून निसटत चाललं होतं. तरी दुपारचा चहा झाला की ती टीव्ही लावायला सांगायची. पडद्यावर एखादी बाई रडायला लागली की माझ्याकडे मान वळवून विचारायची, “हिला काय झाला गो?” मी सांगायचे. सांगता सांगता माझा आवाज चढायचा. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीने एकदा हसून विचारलं, “मॅडम, आजींना ऐकायला कमी येतं का?” आईला अखेरपर्यंत उत्तम ऐकू येत होतं. पण आमच्या घरात सिनेमाची गोष्ट सांगायची ती अशीच, तोंड थोडं वर करून, गळ्याच्या शिरा ताणून. ऐकणारा माणूस नेहमी उंचावर असायचा.

तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. ती होती तोवर हे लिहायचं माझ्या मनातही आलं नाही. आता लिहायला बसते तर दिवसाकाठी चार ओळी होतात, त्यातल्या दोन दुसऱ्या दिवशी खोडते. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला शब्द लवकर सापडायला हवेत असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं.

बाबा दिवेआगरात नारळ-सुपाऱ्या पाडायचं काम करायचे. आमच्या मालकीचा एकही माड नव्हता, पण गावातल्या कितीतरी वाड्या बाबांच्या भरवशावर चालत. माडावर चढणारे तसे पुष्कळ होते. पोफळीवर मात्र जो तो जात नसे. सुपारीचं हे झाड दिसायला नाजूक, जवळजवळ दोन पंजांत मावेल एवढंच जाड, आणि उंचीला माडाशी पैज लावणारं. वाऱ्याची साधी झुळूक आली तरी त्याचा शेंडा डुलतो. बाबांच्या पायांत काथ्याचा फास असायचा, कमरेला कोयता, खांद्यावर लांब आकडी. पोफळी इतक्या दाट लावलेल्या असत की प्रत्येक झाड चढण्या-उतरण्यात दिवस गेला असता. म्हणून चढणारा एकदाच चढतो. घड कापून झाले की तो शेंड्याला झोका देतो, शेजारची पोफळ आकडीने जवळ ओढतो आणि या झाडावरून त्या झाडावर जातो. सकाळी वाडीच्या फाटकाशी चढलेले बाबा ऊन डोक्यावर आल्यावर पार टोकाला, विहिरीजवळ उतरायचे. मधल्या वेळात त्यांचे पाय जमिनीला लागत नसत.

खाली आई आणि सुट्टी असली की मी. घड धपकन पडला की उचलायचा, सुट्या सुपाऱ्या वेचायच्या, टोपली भरली की खळ्यात नेऊन ओतायची. खालून वर पाहिलं तर झावळ्याच झावळ्या दिसायच्या आणि मध्ये मध्ये आकाशाची भोकं. माणूस दिसायचा नाही. तो आहे, नीट आहे, हे फक्त त्याच्या आवाजावरून कळायचं. म्हणून आई बोलत राहायची आणि बाबा उत्तर देत राहायचे. उत्तर यायला जरा उशीर झाला तर आईचा वाकलेला हात तसाच अधांतरी थांबायचा.

काय बोलायचं याचा मात्र कडक नियम होता. वरच्या माणसाला काळजीचं काही सांगायचं नाही. आजारपण, भांडण, गळकं छप्पर, मुलांची फी, यातलं काहीही झाडावर चढवायचं नाही. बाबांचे वडीलही हेच काम करायचे. त्यांच्या एका सोबत्याला खालून कुणीतरी म्हैस विहिरीत पडल्याचं ओरडून सांगितलं, तेव्हा तो “काय?” म्हणाला आणि म्हणताना त्याने दोन्ही हात पसरले. “म्हैस वाचली,” एवढं सांगून आजोबा गोष्ट थांबवायचे. बाबांचं म्हणणं, झाडावर माणसाच्या हातात फक्त झाड हवं. मग बोलायला उरलं काय? सिनेमे, मालिका, नटनट्यांची लग्नं, बोर्लीच्या बाजारातली मासळी, कुणाच्या घरी कसला पाहुणा. माझ्या आईवडिलांइतकं बिनकामाचं बोलणारं जोडपं गावात दुसरं नव्हतं, आणि त्या बिनकामाच्या बोलण्याला आमचं सगळं घर टांगलेलं होतं.

टीव्ही आमच्याकडे नव्हता. तो शेजारच्या वैद्यांच्या माजघरात होता आणि आम्ही तो ओटीवरून, उंबऱ्याच्या अलीकडून बघायचो. वैद्यकाकू चांगल्या होत्या, आत या म्हणायच्या. आई म्हणायची, “इथंच बरा हाय, वारा येतो.” बाबा खांबाला टेकून बसायचे आणि सिनेमाची नावं संपायच्या आत झोपलेले असायचे. दिवसभर ज्यांचे पाय अधांतरी असतात त्यांना जमीन मिळाली की झोप येत असावी. आई मात्र पापणी न हलवता बघायची. तिला दुसऱ्या दिवसाची बेगमी करायची असे. घरी आल्यावर चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटत असायचं आणि ती पळी हातात धरून ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत बसायची. मी मध्येच सिनेमातलं काही बोलायला गेले की पळी उगारायची. “आताच सांगून टाकलास तर उद्याला काय सांगू? तुझे भूगोलाचे धडे?”

दुसऱ्या दिवशी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन आम्ही वाडीत जायचो. बाबा शेंड्यावर पोचले की खाकरायचे. नटांची खरी नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवली होती.

“हां, बोल. त्या नाकवाल्याचा काय झाला?”

“डोंगरावरून पडला.”

“मेला?”

“मरतोय कशाला? हिरो हाय तो. खाली उभा राहून गाणा म्हणतो.”

“केस विस्कटले?”

“एक न्हाय.”

“बघ. आणि मी एका पोफळीवर चढलो तर डोक्याचा खराटा होतो. बोलाव त्याला एकदा वाडीत.”

“तो रडकीला घेऊन येल. तिला काय खायला घालू?”

“रडून रडून अंगातला मीठ गेला असेल तिच्या. सुकट घाल.”

असं तासन् तास चालायचं. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दोन-दोन जिने कशाला, हा बाबांचा कायमचा प्रश्न होता. “एक चढायला, एक भांडून उतरायला,” असं आईचं उत्तर. त्या बदल्यात बाबा वरून दिसणारं जग आईला सांगायचे. वळणावर एसटी आली, तिच्यातून कोण उतरलं, कुठल्या होड्या परतल्या, वैद्यांच्या दांडीवर आज जास्त पातळं आहेत म्हणजे मुलगी माहेरी आली वाटतं. पोफळीच्या शेंड्यावरून समुद्रापासून बोर्लीच्या रस्त्यापर्यंत सगळं दिसतं. खालून काहीच दिसत नाही.

मी झाडाच्या बुंध्याला टेकून पुस्तक वाचत असायचे, निदान तसं दाखवायचे. मला तेव्हा त्या गप्पांची लाज वाटायची. शाळेतल्या बाईंनी दिलेली चांगली चांगली पुस्तकं माझ्या मांडीवर आणि डोक्यावरून ही रडकी आणि तो नाकवाला. पुढे मी मुलांना मराठी शिकवलं, कथा म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दाखवलं. सांगणाऱ्याचा जीव ऐकणाऱ्यात अडकलेला असला की गोष्ट कशी सांगितली जाते, ते मात्र मी फक्त त्या वाड्यांत ऐकलं.

दादा माझ्याहून मोठा. नाव सुधाकर, पण घरात आणि गावात सुध्या. बाबांनी त्याला एकदा पोफळीवर चढवून बघितलं होतं. अर्ध्यावर त्याचे पाय लटपटायला लागले. बाबांनी दुसऱ्या बाजूने चढून त्याच्या टाचा आपल्या खांद्यांवर घेतल्या आणि बोलत बोलत त्याला खाली आणलं. त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चार घरात झाला नाही. दादा स्वतःच ती हसत हसत सगळ्यांना सांगायचा. दहावीनंतर तो मासळीच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून लागला. बर्फाच्या पेट्या चढवायच्या, रात्री निघायचं, पनवेलला माल उतरवून परत यायचं. बाबांना हायसं वाटलं होतं. “चाकं तरी जमिनीला लागलेली असतात,” असं ते आईला म्हणाले, आणि ते त्यांनी झाडावर नव्हे, जेवायला बसल्यावर म्हटलं होतं, म्हणजे किती दिवस मनात होतं ते कळावं. दादा परत आला की अंगाला मासळीचा वास आणि तोंडात नव्या सिनेमांच्या गोष्टी. पनवेलला थेटरात जाऊन तो आईसाठी सिनेमाचे शेवट घेऊन यायचा. आई म्हणायची, “माझा माल आला.” त्याचा जिवाभावाचा दोस्त बोर्लीचा सलीम. सलीमचे वडील कुवेतला होते आणि चाचांचं बाजारात दुकान होतं, त्या दुकानात फोन होता. आमच्या घराला काही निरोप असला तर तो तिथे यायचा.

त्या दिवशी रविवार होता. थंडी पडलेली, सुपारी ऐन पिकलेली, वाडीत जिकडे तिकडे नारिंगी घड. आदल्या संध्याकाळी वैद्यांकडे एक सिनेमा बघितला होता, त्यात रडकी लग्नाच्या मांडवातून पळून जाऊन सर्कशीत लपते. आई खुशीत होती, कारण सिनेमात हत्ती होता. हत्ती म्हणजे तिच्या हिशेबाने निम्मी सकाळ.

“आणि तो हत्ती तिच्या पाठीपाठी फिरतो. नाकवाल्याला सोंड लावून देत न्हाय.”

“हत्तीला अक्कल हाय मग. त्याला खायला काय घालतात?”

“तुमचा आपला एकच. तो काय तुमच्यासारखा न्याहारी मागतोय?”

“अगो, एवढा मोठा जीव. सिनेमात कुणी जेवताना दाखवत न्हाय, म्हणून तर सगळी भांडतात.” एक घड खाली आला. मग वरून पुन्हा आवाज, “सलीम येतोय बघ. गाडी आडवी टाकून पळत सुटलाय. काय कुत्रा लागलाय पाठी?”

सलीम पोफळींच्या रांगेतून आमच्यापाशी आला. त्याच्या पायांत चपला नव्हत्या. आईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. सलीमने मान वर केली, वर फक्त झावळ्या हलत होत्या. त्याला समजलं. आमच्याकडे लहानपणापासून येणारा मुलगा तो, नियम त्यालाही ठाऊक होता. आईने हात काढल्यावर तो तिच्या कानाशी वाकला. मी जवळच होते, मलाही ऐकू आलं. टेम्पो पहाटे घाटात उलटला होता. चाचांच्या दुकानात फोन आला होता. आईने नुसतं डोळ्यांनी विचारलं. सलीमने मान हलवली, आडवी, एकदाच.

पोफळीच्या बुंध्याला आईने हात टेकला. मी ओरडणार होते, माझं तोंड उघडलेलंही मला आठवतं, पण तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की ओरडणं तिथेच राहिलं.

“काय गो, गप का झालीस?”

वर बाबा होते, डुलणाऱ्या शेंड्यावर, एका हातात कोयता. आई म्हणाली, “काय न्हाय. सुपारीवर पाय पडला.” तिचा आवाज तिचाच होता. तो कुठून आला ते मला माहीत नाही.

“सलीम काय म्हणतो?”

“पाणी प्यायला आलाय.”

“पाण्यासाठी एवढा पळाला? अरे सलीम! काल पिक्चर बघितलास काय?”

सलीमचे गाल ओले होते. त्याने आईकडे पाहिलं. आईने मान हलवून त्याला सांगितलं, बोल. “बघितला काका,” तो म्हणाला. मग त्याला पुढचं काही सुचेना. “हत्ती होता,” एवढं म्हणून त्याने शर्टाची बाही तोंडात धरली.

वरून लगेच उत्तर आलं नाही. एक झावळी करकरली. मग बाबा म्हणाले, “हां. हत्ती होता. बोल गो तू. मंग?”

आणि आई बोलायला लागली. ती वर बघून बोलत होती आणि सिनेमा पुढे सरकत होता. सर्कशीच्या मालकाने रडकीला कसं ओळखलं, पांढऱ्या बुटांचा व्हिलन तंबूला आग लावायला कसा आला, हत्तीने त्याला सोंडेने कसं उचललं. मी उभीच होते. तिने टोपली माझ्या हातात कोंबली आणि खाली बोट दाखवलं. मी सुपाऱ्या वेचायला लागले. दुसरं काय करणार होते? उतरा म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. आईने कधी त्यांना मध्येच उतरायला सांगितलेलं नव्हतं. त्या एका शब्दाने त्यांना सगळं कळलं असतं, आणि ते कळताना त्यांच्या हातात काय असतं? रांग संपेपर्यंत थांबायचं, एवढंच होतं. माझा भाऊ कुठेतरी एका खोलीत निजलेला होता आणि आम्ही तिघं, खालची माणसं, हत्तीच्या गोष्टीला टेकू देत उभे होतो.

सिनेमा संपला. देवळासमोर लग्न लागलं, तांदूळ पडले, पडद्यावर अक्षरं आली, तिथपर्यंत आईने सगळं सांगितलं. पोफळी अजून पुष्कळ उरल्या होत्या.

“मंग?” वरून आवाज आला.

आई म्हणाली, “मंग ती दोघा घरी आली.”

“मंग?”

“हत्ती पण आला पाठोपाठ.”

“मंग?”

“त्याला बांधायचा कुठं? अंगण एवढासा. सासू म्हणाली, गोठ्यात बांधा. गोठ्यात आधीच गाय.”

बाबा हसले नाहीत, टोमणा मारला नाही, हत्ती काय खातो ते विचारलं नाही. फक्त “मंग?” म्हणायचे, आणि शेंडा झुकायचा, आणि ते पुढच्या झाडावर जायचे. धप् असा आवाज झाला आणि माझ्या पायाशी घड पडला. तो हिरवा होता. मी आधी नुसतीच बघत राहिले. त्याच्या मागून दुसरा पडला, तोही कोवळा, हिरवागार. बाबांच्या हातून कधी कच्चा घड कापला गेला नव्हता. डोळे मिटूनही ते नुसत्या स्पर्शाने पिकलेली सुपारी ओळखायचे असं वाडीचे मालक अभिमानाने सांगत. आता एकामागून एक घड येत होते, पिकलेले, कच्चे, काहींना तर नीट दाणाही धरलेला नव्हता. वर जो कापत होता तो बघत नव्हता.

आईने एक हिरवा घड उचलला. तो हातात धरून ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, सलीमकडे बघितलं. मग तो टोपलीत तळाशी घातला, वरून पिकलेले घड रचले आणि तोंड वर करून म्हणाली, “मंग शेजारी भांडायला आले, हत्ती घोरतो म्हणून.”

“मंग?” बाबा म्हणाले.

त्या “मंग”चा मी पुढे फार विचार केला आहे. वर्गात मुलं पेपर लिहीत असताना, दवाखान्यात आईच्या उशाशी बसलेली असताना. शेंड्यावरून रस्ता दिसत होता, आडवी पडलेली गाडी दिसत होती, पोराची धाव दिसत होती. आमचे चेहरे दिसत नसतील, पण सलीमचा आवाज तर ऐकू गेला होता. सुध्या रात्री टेम्पोवर गेलेला हेही बाबांना माहीत होतं. त्यांना कळलं होतं, आणि तेही उतरत नव्हते. नियम दोन्ही बाजूंनी होता. झाडावर असताना काळजीचं काही बोलायचं नाही. म्हणजे ते जितका वेळ वर होते तितका वेळ आमच्या घरात काहीही घडलेलं नव्हतं. आईलाही हे कळलं असणार. म्हणून तिने ती गोष्ट संपू दिली नाही. आधी ती त्यांचे हात झाडावर राहावेत म्हणून बोलत होती. हिरवा घड हातात घेतल्यानंतर ती त्यांना आणखी थोडा वेळ देत होती, तिच्याजवळ दुसरं काही देण्यासारखं नव्हतं म्हणून. मला तेव्हा यातलं काही शब्दांत सांगता आलं नसतं. मला एवढंच दिसत होतं की दोघांनाही सगळं ठाऊक आहे आणि दोघं हत्तीबद्दल बोलताहेत.

सलीम केव्हातरी खाली बसला होता. गुडघ्यांत डोकं घालून, आवाज न करता हलत होता. मी टोपली भरली की ओतायला जायचे आणि परत यायचे. लांबून ऐकू यायचं, आईचा चढा आवाज, हत्तीला न्हाऊ घालायला रहाटाचं पाणी पुरेना, मग वाडीच्या पाटात त्याला उभा केला, आणि त्यामागून तो वरचा बारीक प्रश्न. अनोळखी कुणी रस्त्याने जात असता तर त्याला वाटलं असतं, काय सुखी जोडपं आहे.

विहिरीजवळच्या शेवटच्या पोफळीवर बाबा आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढे झाड नव्हतं. पलीकडे कुंपण, मग केवडा, मग वाळू. ते तिथे बराच वेळ होते. त्या झाडाचे घड कधीच खाली आले होते, तरी शेंडा डुलत होता. आई बुंध्याजवळ जाऊन उभी राहिली. “मंग” आला नाही, तरी ती बोलतच राहिली. हत्ती आता मोठा झाला होता, दारातून आत येऊ बघत होता.

मग कोयता खाली पडला. बाबा कोयता कधी टाकत नसत. त्याच्यामागून आकडी आली. आणि मग ते उतरायला लागले, फार सावकाश, नवशिक्या उतरतो तसे, प्रत्येक ठिकाणी पायांतला फास चाचपत. आईने दोन्ही हात वर धरले होते. त्यांच्या टाचा तिच्या हाताला लागल्या, मग त्यांचे पाय जमिनीवर आले. ते झाडाला धरून उभे राहिले. छातीला सालीचे वळ उठले होते. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. सलीम उठून उभा राहिला होता.

“कुठं ठेवलाय त्याला?” बाबांनी विचारलं.

“म्हसळ्याला, काका. सरकारी दवाखान्यात.”

बाबांनी मान हलवली. पायांतला फास काढायला ते वाकले, पण बोटं चालेनात. आई खाली बसली आणि त्यांच्या पायांतला काथ्या सोडवायला लागली. गाठ घामाने आवळली होती. गाठ सोडवताना तिचं तोंड चालूच होतं, तोच चढा आवाज, आता कुणीही वर नव्हतं तरी. “तर हत्ती काय दारात मावेना. मंग तिनं सासूला सांगितला, आपण भिंत पाडू. सासू म्हणाली, भिंत पाडली तर पावसात काय करायचा. मंग ती म्हणाली, पाऊस यायला अजून…”

मी तिच्या खांद्याला हात लावला, तिला तो कळला नाही. सलीम “काकी, काकी” म्हणत होता. फास सुटला होता, तरी ती त्यांच्या घोट्याभोवती बोटं फिरवत होती आणि बोलत होती. तेव्हा बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

“पुरे गो,” ते म्हणाले. “मी उतरलोय.”